दिवसा लागलेली कडी

भानुदास हवालदार गस्तीला निघाले की त्यांची नजर माणसांवर नसे, दारांच्या कड्यांवर असे. भर दुपारी एखाद्या घराची कडी आतून लागलेली दिसली की ते थबकत. "दिसाढवळ्या कडी लागली म्हंजी त्या घरात भ्या शिरलं," असं त्यांचं म्हणणं. मला वाटे, कामचुकार माणसाने शोधलेला हा हिंडण्याचा बहाणा आहे.

ही बेचाळीसच्या आसपासची गोष्ट. मी नगरला मिशनच्या शाळेत शिकवत होते. शाळा सुटली की वेशीलगतच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायांचा साक्षरतेचा वर्ग घेई. एकाएकी तो वर्ग निम्म्यावर आला. कारण कुणी सांगेना. वर्ग बंद पडतो की काय, या धास्तीने मी चौकीवर गेले. हवालदारांनी गुन्ह्यांची वही माझ्यापुढे धरली. त्या गल्लीची वर्षभरात एकही नोंद नव्हती.

"फौजदारसाहेब या कोऱ्या पानावर लई खूश हायेत, बाई. मला जमादार करनार म्हनत्यात. पन तिथल्या कड्या लागाया लागल्यात, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी ते पट्टा-दंडुक्यासह गल्लीत आले. त्यांना पाहताच एकामागून एक कड्या खडखडल्या. हवालदारांचा चेहरा एवढासा झाला.

"हितं तर माझंच भ्या हाय," ते हळूच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पट्टा चौकीवर ठेवून ते साध्या कपड्यांत आले, सोबत बायकोला घेऊन. काकूंनी माहेरी विड्या वळल्या होत्या. त्यांनी कुणाचं तरी सूप मांडीवर ओढलं, पानं कातरायला घेतली आणि बाया बोलत्या झाल्या. कारखान्यात विड्या पोचवून परतताना वाटेत दोन टवाळ उभे राहत, पदर ओढत. घरी सांगावं तर नवरा काम आणि वर्ग दोन्ही सोडायला लावणार. चौकीत सांगावं तर गावभर बभ्रा. म्हणून बाया गप्प होत्या आणि वही कोरी होती.

हवालदारांनी कुणालाही चौकीची पायरी चढायला लावली नाही. माझ्या वर्गात मांडी घालून त्यांनी एकेकीची तक्रार लिहून घेतली. पाचपैकी दोघींनी अंगठा न उठवता सही केली. तेव्हा माझे डोळे भरून आले, हे कबूल करते. टवाळांवर खटला झाला, त्यांना शिक्षा लागली आणि वर्ग पुन्हा भरला.

वर्षअखेर मात्र फौजदारांनी हवालदारांना फैलावर घेतलं. तुमच्याच हद्दीत गुन्हे कसे वाढले?

"वाढले न्हाईत, सायेब. आदी बी हुतेच. आता लिवले जात्यात," हवालदारांनी सांगितलं.

जमादारकी हुकली आणि बदली पारनेरला झाली. मी हळहळले, तर मलाच म्हणाले, "आवो बाई, पारनेरात बी दारं हायेतच की."

निघायच्या दिवशी मोटार सुटायला अवकाश होता. ते भर दुपारी गल्लीतून एक फेरी मारायला निघाले, डोक्याला पगडी, कमरेला पट्टा, अगदी पुऱ्या थाटात. मी वर्गाच्या दारात उभी राहून पाहत होते. त्यांना कामचुकार समजल्याची मला फार लाज वाटत होती. ते सावकाश, प्रत्येक दाराकडे बघत, गल्लीच्या टोकापर्यंत गेले. बाया उंबऱ्यात बसून विड्या वळत होत्या. एकही कडी वाजली नाही.