बेसमेंटमधली बादली

ऑफिसच्या गिफ्ट एक्स्चेंजमध्ये नवऱ्याला घरी बिअर करायचा किट मिळाला होता. माल्टच्या घट्ट पाकाचा डबा, यीस्टची पुडी आणि झाकणाची मोठी प्लास्टिकची बादली. जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी त्याने बेसमेंटमध्ये ती बिअर लावली. दुपारी नागपूरहून फोन आला, त्याचे बाबा गेले. संध्याकाळच्या फ्लाइटने तो निघाला. आमच्या दोघांच्याही पासपोर्टवरचे व्हिसाचे स्टॅम्प संपलेले होते, परत यायला भारतात नवे घ्यावे लागले असते. दोघंही तिकडे अडकायला नको म्हणून मी इथे अमेरिकेत, शॉमबर्गलाच राहिले.

तो पोचेपर्यंत चुलत दिराने सगळं उरकलं होतं. चौथ्या दिवशी नवऱ्याने फोन केला. घरात कोण कोण आलंय, आई कशा आहेत, हे मी विचारलं. तो म्हणाला, "ठीक आहेत. अगं, बादलीच्या झाकणावर नळी आहे बघ, पाणी भरलेली. तिच्यातून बुडबुडे येतायत का?"

मी फोन घेऊन खाली गेले. नळीतलं पाणी स्थिर होतं.

"नाही येत."

"झाकण नीट दाबून बघ. कडेने गॅस जात असेल."

दाबलं. काही झालं नाही. मग त्याने बादलीला चिकटवलेल्या पट्टीवरचं तापमान वाचायला सांगितलं. अठ्ठावन्न फॅरनहाइट.

"थंडीनं यीस्ट झोपलंय. वर आण, ब्लँकेट गुंडाळ."

वीसेक लिटरची बादली मी एकटीने, एकेक पायरी टेकवत वर आणली. मी बिअर पीत नाही. तिचा वासही मला आवडत नाही. पण तो सांगत गेला आणि मी करत गेले. दोन दिवसांनी नळीत बुडबुडे आले. मी व्हिडिओ पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

चौदा दिवस झाल्यावर तो स्टॅम्पिंगला मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत गेला आणि त्याचा पासपोर्ट तिथेच अडकला. आणखी छाननी करायची आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. किती दिवस, ते नाही. ऑफिसने त्याला बिनपगारी रजेवर टाकलं. मी सकाळी कॉफी करायचे तेव्हा त्याचा फोन यायचा. आम्ही बादलीबद्दल बोलायचो. काचेची एक तरंगणारी नळी होती, ती बिअरच्या नमुन्यात सोडून आकडा वाचायचा. आकडा उतरला की साखर संपत आली, असं समजायचं. आकडा वीसवर अडला.

"बादली हलकेच गोल फिरव. झाकण उघडू नकोस."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "काय घातलंय रे तिने?"

"लोणचं, आई."

"मग रोज काय उघडून बघते? खराब होईल."

मला हसू यायला हवं होतं. मी बादली फिरवली.

आकडा बारावर आला आणि तीन दिवस तिथेच राहिला. तो म्हणाला, झालं, आता बाटल्या भर. साखरेचं पाणी उकळून घातलं, चाळीसेक बाटल्या भरल्या, झाकणं ठोकली. जागा नव्हती म्हणून खोकी गराजमध्ये ठेवली. त्यानंतर आमच्या फोनवर बोलण्यासारखं फारसं उरलं नाही. "जेवलीस?" "हो. तू?" "हो." मग कुणीतरी फोन ठेवायचं.

मेच्या सुरुवातीला पासपोर्ट मिळाला आणि तो आला. केस बारीक कापलेले होते. रविवारी दुपारी त्याने एक बाटली उघडली. आवाजच झाला नाही.

"सपाट आहे. कुठे ठेवल्या होत्यास?"

"गराजमध्ये."

"गारठल्या. गॅस धरायला ऊब लागते त्यांना." तो रागावला नाही. आम्ही खोकी आत आणली, त्याने प्रत्येक बाटली एकदा उलटी केली.

तीन आठवड्यांनी पुन्हा उघडली तेव्हा फेस आला. त्याने अर्धा ग्लास प्यायला आणि खाली ठेवला.

"त्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला होता," तो म्हणाला. "मी हात जंतुनाशकात बुडवून साफ केले होते. फोन धरला असता तर परत सगळं धुवावं लागलं असतं. म्हटलं, यीस्ट टाकतो आणि मग करतो."

"केलास?"

"केला. उचलला नाही त्यांनी."

त्याला जवळ घ्यावं, असं मनात आलं, पण तेवढंच. हात काही उचलले गेले नाहीत. मी विचारलं, "पोळ्या लाटू का?" तो हो म्हणाला.

बाकीच्या बाटल्या त्याच्या टीममधला एकजण घेऊन गेला. चांगली झालीय, पुन्हा करणार का, असा त्याचा मेसेज आला. नवऱ्याने तो मला वाचून दाखवला आणि बादली कुठे ठेवायची ते विचारलं. मी म्हटलं, रिसायकलमध्ये टाक.

गुरुवारी कचऱ्याची गाडी येऊन बादली घेऊन गेली.