ताईचा अंगठा

अन्याय झाला तो माझ्या मामेबहिणीच्या, ताईच्या, दहा नखांवर. २००६ साली, तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्ताला, सकाळी नऊच्या सुमारास, नाशिकच्या एका ब्यूटी पार्लरात. इतकं नेमकं सांगते, कारण ‘लग्नात व्हायचंच असं’ म्हणून अशा गोष्टी विरून जातात. आज शेजारच्या मुलीनं नेलपॉलिश पुसायची बाटली उघडली. तो गोडसर, डोक्यात चढणारा वास जिन्यापर्यंत आला आणि मला निफाडकडची ती मोरी आठवली.

ताईच्या उजव्या अंगठ्याचं नख मामाच्या द्राक्षबागेत नावाजलेलं होतं. छाटणीनंतर वेल फुटतो. घड नसलेल्या वांझ फुटी वेळेत काढाव्या लागतात. ताई त्या नखानं खुडायची. बारीकसं ‘टच्’, देठाशी पाण्याचा थेंब, की हात पुढच्या फुटीवर. तिला बघायला आलेल्या बाईंनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि तिला थेट बागेत नेलं. अर्ध्या ओळीत पसंती झाली. पुढं त्याच तिच्या सासूबाई झाल्या. त्या घरात ताईची किंमत रूपावर ठरली नव्हती, अंगठ्यावर ठरली होती, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं.

पार्लरवालीनं मात्र तो अंगठा खरखर घासला, दहाही बोटांवर अॅक्रिलिकची खोटी नखं चढवली आणि म्हणाली, “आता बघा बोटं कशी लांबसडक दिसतात!” दिसली खरी. मीही करवली म्हणून शेजारी बसून वाहवा केली. ती नखं काढायची कशी हे तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

लग्नाच्या पाचव्या दिवशी सासरची बाग फुटीला आली. वेल नव्या नवरीसाठी थांबत नाही. पाठराखीण म्हणून मी तिथंच होते. ताई मोरीत बसली आणि कात्रीच्या टोकानं तिनं एकेक नख उचकटलं. सोबत खऱ्या नखाचे पापुद्रे निघाले. उरलं ते कांद्याच्या आतल्या सालीसारखं, दाबलं की वाकणारं. पहिल्याच ओळीत अंगठा ठणकला, फूट अर्धवट सोलून लोंबली. ताईनं मग लाज झाकायला लाल नेलपॉलिश लावलं. दर दोन दिवसांनी मोरीत बसून पुसायचं, पुन्हा लावायचं. नखं आणखी कोरडी पडली. सासूबाईंनी चार दिवस पाहिलं.

“रंगवून काय झाकतीस गं? बागेला रंग नाय लागत, नख लागतं.”

“आत्या, येईल परत.” सासूबाईंना ती आत्याच म्हणायची.

“कवा? द्राक्षं बाजारात गेल्यावर?”

मी संतापून पार्लरविरुद्ध पत्रक लिहिलं, उद्गारचिन्हांनी भरलेलं, आणि ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “छान आहे. आता डॉक्टरला विचारून ये, बाई.” विचारलं. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं ते एका पत्रकालाही पुरेना: रंग बंद, नखं आखूड, पाण्याच्या कामाला हातमोजे, हात कोरडे करून मुळाशी तेल, आणि थांबायचं. खराब झालेलं नख दुरुस्त होत नाही. मागून नवं येतं आणि त्याला पुढे ढकलतं.

थांबणं बागायतदाराच्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही, तरी सुनेसाठी थांबणं वेगळं. त्या हंगामात ताई क्रेटमध्ये कागद अंथरायची आणि बायकांचे टोमणे ऐकायची. पण तेलाची वाटी संध्याकाळी ओट्यावर काढून ठेवलेली असे. ती कोण ठेवतं, हे सासू-सुनेपैकी कोणीच कधी बोललं नाही. अंगठ्यावर एक आडवी रेघ होती, जुन्या-नव्याची शीव. ती अर्ध्या तांदळाएवढी सरकायलाही महिना घेई. एप्रिलची छाटणी झाली, वेल पुन्हा फुटले, तेव्हा ती रेघ टोकाशी आली होती. ताईनं ती कापून टाकली आणि ओळीत शिरली. सासूबाई मागून चालत होत्या. ‘टच्’ ऐकल्यावर म्हणाल्या, “हां,” आणि शेजारची ओळ धरली.

पार्लर अजून आहे, पाटी मोठी झालीय. ताईच्या अंगठ्यावर काही खूण नाही. शरीर तक्रार जपून ठेवत नाही, म्हणून ती आपण ठेवावी लागते. तेव्हा तुम्ही, उद्या तिथल्या खुर्चीत बसाल तेव्हा, आधी विचारा: हे काढायचं कसं? आणि उत्तर मिळेपर्यंत हात पदरातच ठेवा.