भरल्या टँकरची आरती

विनोदिनी सून होऊन आदिलाबादेत आली तवा तिची थोरली जाऊ वनमाला पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "आली गर्विष्ठ! नाक वर करूनच चालते." आता ते आठवलं की वनमाला पदर तोंडात कोंबून हासते. नाक वर होतं ते घासलेटाचा वास घ्यायला! माहेरी बाजारहत्नूरला स्टोव्ह भडकून आईचा हात भाजला होता. तवापासून पोरीला शेजारच्या घरातलंही घासलेट कळायचं.

हासते ती आता. तवा मात्र नुसता जळफळाट.

कारण ती समिती. शहाऐंशी साल असेल. गल्लीच्या तोंडाशी चंपतरावांचा पेट्रोल पंप. टँकर गल्लीतच उभे राहायचे अन् ड्रायव्हर त्यांच्याच सावलीत स्टोव्ह पेटवून भात शिजवायचे. गल्लीवाले तहसीलदाराकडे गेले तं साहेब म्हणाले, तुमीच नागरिकांची देखरेख समिती करा. टँकर आला की तोटी पाहा, जाळ पाहा, रेतीच्या बादल्या भरल्या हायेत का पाहा. दिवसा घरी बायाच, म्हणून एक बाई घ्यायचं ठरलं. वनमालेनं तं साडीला इस्त्री करून ठेवली. थोरली ती, मॅट्रिक ती, नवरा बँकेत तिचा! अन् घेतलं कोणाला? विनोदिनीला.

झालं. दादाजी ड्रायव्हर विनोदिनीला 'मॅडमबाई' म्हणाला की वनमालेच्या पोटात मिरची. घरात टोमणे सुरू. "आमच्याकडं कलेक्टरीण राह्यते बाई. फोडनी द्यायची तं आधी परवानगी घ्या."

"घ्या ना," विनोदिनी भाकरी थापत म्हणायची. "तुमची फोडनी करपतेच."

मंग दसरा आला. गाड्यांची पूजा. चंपतरावांनी निरोप धाडला, टँकरची आरती थोरल्या वहिनींच्या हातून. वनमाला तरंगतच घरात फिरली. विनोदिनी म्हणाली, "बाई, टँकर भरलेला येनार हाय. हळदकुंकू वाहा, फुलं वाहा. जाळ नका नेऊ."

"समिती तुझी, आरती माझी. तेवढंही बघवत नाई काय?"

अन् गेली की! सासूबाईंचं चांदीचं ताट, पाच वाती, कापराची रास. टँकरला झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू, सारी गल्ली जमलेली. समोरून ओवाळलं असतं तं भागलं असतं. पण एवढे लोक पाहून राह्यले होते! वनमालेनं ठरवलं, टँकरला पुरी प्रदक्षिणाच घालायची. ताट सांभाळत, हळूहळू, मानानं मिरवत ती मागच्या बाजूला, तोटीकडं वळली.

"बाई, थांबा! वास येऊन राह्यला."

"काऊन थांबू? तुला नाई बोलावलं म्हणून?"

विनोदिनी धावली. खांबाला टांगलेली बादली काढली अन् सारी रेती आरतीच्या ताटात ओतली.

पेटती आरती विझवली! दसऱ्याला! शेजारच्या कौशल्याबाईनं तं कानाला हात लावले. तेवढ्यात दादाजी खाली वाकला अन् तसाच राह्यला. तोटीतून थेंब थेंब पेट्रोल गळत होतं. ओला डाग सरकत सरकत वनमालेच्या पायापाशी आला होता.

दादाजीनं तोटी आवळली, लोकांना मागं सारलं. चंपतराव मटकन खुर्चीत बसले. वनमाला चार पावलं मागं सरली, पण जीभ? ती कुठं मागं सरते!

"सासूबाईंचं ताट! सारं ओरखडलं! टाकली तू, मंग घास तूच."

"ताट घासते मी. पन रेती बादलीत तुमी भरा."

"मी काऊन?"

"नेम हाय समितीचा. जाळ आननाऱ्यानं रेती भरायची."

"कवा झाला हा नेम?"

"आताच."

"कोनी केला?"

"मी हाय ना समितीत."

वनमालेनं चंपतरावांकडं पाह्यलं. ज्यांच्या टँकरची तोटी गळाली ते दुसरं काय बोलणार? "मॅडमबाई म्हनते ते बरोबर हाय, वहिनी."

मंग वनमाला इस्त्रीची साडी खोचून खाली बसली अन् ओंजळीनं रेती भरू लागली. सारी गल्ली पाहत होतीच.

"चाकाजवळची राह्यली," विनोदिनी म्हणाली.

वनमालेनं तीही भरली.