दिवसाढवळ्या गेलेली डीपी

नोकरी संपून बरीच वर्षे झाली, तरी त्या डीपीची चोरी आठवली की माझी चिडचिड नव्याने सुरू होते.

तेव्हा मी पुणे शहराच्या पूर्वेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. वाघोलीच्या बाजूला आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यांच्या मागे असलेल्या एका गावात मात्र वीज अजून गावकऱ्यांचीच सहकारी संस्था पुरवत होती. खांब संस्थेचे, वायरमन संस्थेचा आणि डीपीही संस्थेची. डीपी म्हणजे मोठ्या लाईनची वीज घराला चालेल अशी करून देणारे रोहित्र. तेलाने भरलेले, चार-पाचशे किलोचे धूड.

एका सकाळी संस्थेचे अध्यक्ष गाडीतून उतरले. हातात लेटरहेडवर टाईप केलेली फिर्याद होती.

"आमची डीपी चोरीला गेली."

"कधी?"

"काल दुपारी."

"रात्री म्हणायचंय का आपल्याला?"

"दुपारीच. मी बाहेरगावी होतो."

अर्ध्या तासात गुन्हा दाखल झाला. घटनास्थळ म्हणजे गावाचा चौक. एका बाजूला देऊळ, दुसऱ्या बाजूला किराणा दुकान, समोर पार. तिथून ते धूड उतरवायला ट्रॅक्टर लागला असणार, दहा-पंधरा माणसे लागली असणार. पंचनामा करून आम्ही जबाब घ्यायला बसलो. सगळे शेतात होते. दुकानदारही शेतात होता. त्याला शेत नाही, हे नंतर कळले. पारावरच्या एका म्हातारीने सांगितले, "मला मोतीबिंदू हाय, काय दिसत न्हाई," आणि पाठोपाठ माझ्या हवालदाराच्या शर्टाचे बटण तुटल्याचे दाखवून दिले. वायरमन पन्नाशीचा, सडपातळ, अबोल माणूस. तो म्हणाला, "त्या वेळी लाईन बंद होती."

रोहित्रातल्या तांब्यासाठी चोऱ्या होतात, म्हणून आम्ही भंगारवाल्यांच्या मागे लागलो. लोणी काळभोरपर्यंतची गोदामे पालथी घातली. एका भंगारवाल्याला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवले. त्याच्याकडे जुन्या पंख्यांशिवाय काही नव्हते. वरून रोज फोन येत होता, "डीपीचं काय झालं?" तीन आठवडे गेले आणि माझ्या हातात शून्य होते.

मग टपालाने एक पत्र आले. गावाच्या कडेला कर्वेनगरच्या एका निवृत्त गृहस्थांनी बंगला बांधला होता, त्यांचे. अक्षर मोत्यासारखे. "महोदय, गावातील डीपी चोरीस गेल्याचे समजले. असे असता पिठाची गिरणी रोज दुपारी एक ते तीन कोणत्या विजेवर चालते, याचा आपण खुलासा करावा. मला त्या वेळेत झोपण्याची सवय आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार आणि मी साध्या कपड्यांत गेलो. गिरणी जोरात चालू होती. चालवणाऱ्या बाईंनी आम्हाला ओळखले, पण हात थांबवला नाही.

"बाई, वीज कुठून येते?"

"खांबावरनं."

"आणि खांबावर कुठून येते?"

"साहेब, दळण आणलंय का? न्हाई तर जरा बाजूला व्हा. बाया खोळंबल्यात."

आम्ही तारेखालून चालत निघालो. गावाबाहेर एक बंद पडलेली दगडखाण होती, तिच्यासाठी कधीकाळी मोठी लाईन आणलेली. खाणीच्या पडक्या भिंतीमागे, पक्क्या ओट्यावर, आमचा चोरीचा माल घुमत होता. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण होते आणि कुंपणाला सुबक अक्षरांत 'धोका' लिहिलेली पाटी. शेजारी वायरमन भाकरी खात बसला होता.

"या," तो म्हणाला. "मला वाटलं आठवड्यात याल."

त्याला ठाण्यात आणले तेव्हा माझा पारा चढलेला होता.

"का चोरलीस?"

"चोरली न्हाई. हलवली."

"कोणाच्या परवानगीनं?"

"जेंची हाय त्यांच्या. सगळं गाव सभासद हाय संस्थेचं."

मग तो बोलत गेला. मोठ्या रस्त्यावर एक नवी इमारत तयार होती, पण तिला वीज मिळायला अजून अवकाश होता. अध्यक्षांनी गावाची डीपी तिकडे द्यायचे परस्पर ठरवले होते. सभा नाही, ठराव नाही, गावात नुसती कुणकुण. गावाच्या पिण्याच्या पाण्याची मोटार त्याच डीपीवर चालायची. एक दिवस क्रेनवाल्याने याच वायरमनला थांबवून विचारले, "उद्या उचलायची डीपी कुठाय?" दुसऱ्या दिवशी क्रेन यायच्या आत त्याने लाईन बंद केली आणि गावाने डीपी हलवली. सकाळी मोटार, दुपारी गिरणी, बाकी सगळा वेळ बंद, कोणाला कळू नये म्हणून. संध्याकाळनंतर सारे गाव तीन आठवडे कंदिलावर होते.

"हे सगळं पोलिसांना आधी सांगायला काय झालं होतं?" मी टेबलावर हात आपटला.

त्याने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत घडी केलेला अर्ज होता. अध्यक्ष डीपी परस्पर देणार असल्याचे ऐकतो, चौकशी व्हावी. खाली गावकऱ्यांच्या सह्या आणि अंगठे. वर माझ्याच ठाण्याचा आवक शिक्का, चोरीच्या फिर्यादीच्या महिनाभर आधीचा.

मी आवक-जावक कारकुनाला मूळ अर्ज काढायला लावला. समासात शेरा होता, 'बाब दिवाणी स्वरूपाची. अर्जदारांस समज द्यावी.' त्याखाली सही माझी. मला तो अर्ज वाचल्याचे आठवतसुद्धा नव्हते.

कायद्याने डीपी जप्त करणे भाग होते. मी जप्ती केली ती कागदावर. पंचांसमक्ष सुपुर्दनामा करून ती जागेवरच गिरणीवाल्या बाईंच्या ताब्यात दिली, चालू ठेवण्याच्या अटीवर. वरिष्ठांनी कारण विचारले, तेव्हा ठाण्यात इतके जड ठेवायला जागा नाही असे लिहून पाठवले. वायरमनला एक दिवस कोठडीत काढावा लागला. ते मला टाळता आले नाही. सहकार खात्याच्या चौकशीत अध्यक्षांचे पद गेले. माझ्या अहवालावर न्यायालयाने चोरीचे प्रकरण बंद केले. काही दिवसांनी डीपी पुन्हा चौकात बसली. ती चढवताना सगळे गाव हजर होते. त्या दिवशी शेतात कोणीच नव्हते.

त्यानंतर कुठल्याही ठाण्याचा ताबा घेतला की मी आधी निकाली काढलेले अर्ज मागवून वाचत असे. कारकून वैतागत. फिर्यादी गाडीतून आला की अर्ध्या तासात गुन्हा दाखल होतो आणि अंगठे उठवलेला कागद सहा शब्दांत निकाली निघतो, हे मी दुसऱ्यांत पाहिले असते तर त्यांना झापले असते. माणसे पोलिसांशी खोटे का बोलतात, हे शोधण्यात माझी हयात गेली. त्या गावातला एकूण एक माणूस माझ्याशी खोटे बोलला, कारण त्याआधी ते सगळे एकदा खरे बोलले होते आणि मी त्यावर सही करून मोकळा झालो होतो.