खाणीतलं बेट

विठोजीला माणसं आवडत नसत आणि माणसांनाही तो आवडत नसे. कानडी मुलखात, के. आर. पुरमच्या पलीकडे, उंच इमारतींच्या पाठीशी, पाण्यानं भरलेली एक जुनी दगडखाण आहे. तिथं तो एकटा मासे धरायचा.

याच खाणीत त्यानं बावीस वर्षं घण मारला होता. एकदा सुरुंगानंतर पूर्वेच्या कड्यातली चीर उघडली आणि आतून पाणी आलं, ते पंपांनीही आटेना. मालक खाण टाकून निघून गेला, कामगार पांगले. विठोजी तेवढा राहिला. पाणी चढत गेलं आणि मधोमध न फोडता सोडलेल्या काळ्या धोंड्याचं बेट झालं. विठोजीनं हेसरघट्ट्याच्या मत्स्यबीज केंद्रातून कटला माशाची पिल्लं आणून सोडली. ट्रकच्या ट्यूबवर बसून तो बेटावर जाई, तिथून जाळं टाकी.

मग पश्चिमेच्या कड्यावर चौदा मजली सोसायटी उभी राहिली. तिचा सेक्रेटरी देवव्रत, पुण्याहून आलेला.

"काका, इथं फिशिंग अलाउड नाही. वरपर्यंत वास येतो."

"वास तुमच्या गटाराचा. ते खाणीत सोडलंय कुणी?"

देवव्रत हसला. "मराठी आहात वाटतं? पण हे कसलं मराठी बोलता?"

"आमचे लोक साडेतीनशे वर्षं इथं आहेत. तुम्ही कधी आलात?"

"एकोणीस साली."

"मग स्वल्प हळू बोला."

त्याच आठवड्यात कुंपण आलं. विठोजीनं ते पहारीनं उचकटलं. दुसऱ्या दिवशी त्याचं जाळं काठावर सापडलं, कात्रीनं उभं चिरलेलं. त्यानं ते चिरगुट देवव्रतच्या गाडीच्या टपावर नेऊन टाकलं. पोलीस आले, दम देऊन गेले.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात शहरात पाण्याची बोंब झाली. टँकर येईनात, तेव्हा सोसायटीनं पश्चिमेच्या सपाट धोंड्यावर तीन पंप बसवले. पाणी रोज हातभर उतरू लागलं. कटल्यांच्या काळ्या पाठी वर दिसू लागल्या. विठोजी शिव्या देत काठानं फिरत असताना त्याला पंपांच्या मागची चीर दिसली. तिच्यातून ओल झिरपत होती. खाणीतल्या जुन्या रीतीप्रमाणं त्यानं चिरेवर आडवा चुना लिंपला. सकाळी चुना मधोमध तुटला होता; चीर रुंदावत होती.

तो गेटवर गेला. "पंप बंद करा. चिरेत पाणी भरलंय, ते धोंड्याला बाहेर ढकलतंय. खाणीतल्या पाण्याचा समोरून टेकू होता, तो तुम्ही काढताय. धोंडा सुटेल."

"मासे मरतायत म्हणून आता धोंडे दाखवा," देवव्रत म्हणाला. "इथं चारशे घरं आहेत काका. त्यांनी काय प्यायचं?"

"धोंडा प्या," विठोजी म्हणाला आणि परत फिरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो बेटावर होता. समोर पंपांच्या धोंड्यावर देवव्रत उभा होता. पंपवाला मंजुनाथ पाइपावर वाकला होता. तेवढ्यात दगड बोलला. बारीक, कोरडा, कट् असा आवाज. खाणीत काम केलेल्याला तो झोपेतही कळतो. विठोजी गप्प बसला. पडू दे, असं त्याच्या मनात स्वच्छ आलं. दुसऱ्यांदा आवाज झाला तेव्हा त्याची नजर मंजुनाथच्या वाकलेल्या पाठीवर गेली.

"मंजुनाथा! ओडु! पळ!"

मंजुनाथनं मागं न बघता धूम ठोकली. त्याला पळताना बघून देवव्रतही पळाला. धोंडा आधी सावकाश सरकला, मग पंपांसकट आणि कंपाउंडच्या दहा वाव लांब भिंतीसकट खाली गेला. लाटेनं विठोजीला बेटाच्या कपारीवर आपटलं. डावा हात मनगटात मोडला.

संध्याकाळी देवव्रतनं ठाण्यात लिहून दिलं, की म्हाताऱ्यानं पहारीनं दगड सैल केला. कुंपणाची जुनी तक्रार होतीच. विठोजीला प्लास्टर घातल्या हातानं दोन दिवस बाकावर बसवून ठेवलं. शेवटी मंजुनाथ आला. "हा बेटावर होता, सार. ह्यानं ओरडला म्हणून मी आज उभा आहे," असं त्यानं सही करून सांगितलं. विठोजी सुटला. मंजुनाथची नोकरी मात्र गेली.

पावसाआधी सोसायटीच्या पार्किंगला तडा गेला. देवव्रत विठोजीच्या दारात आला, पण चपला न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"चीर कुठवर गेलीय, तुम्हाला ठाऊक असेल."

विठोजी उठला. चुन्याची बादली घेऊन निघाला. कड्यापासून पार्किंगच्या तिसऱ्या खांबापर्यंत त्यानं पांढरी रेघ ओढली. "ह्याच्या खाणीकडच्या बाजूला गाडी नको, माणूस नको."

"थँक्यू काका. जाळं नवीन घेऊन देतो."

"तुमच्या हातचं नको. आणि मंजुनाथला कामावर घ्या."

"ते माझ्या एकट्याच्या हातात नाही."

"कंप्लेंट एकट्यानंच दिली होती ना?"

देवव्रत वळून गेला. मंजुनाथला कुणी परत घेतलं नाही. तो आता इंदिरानगरात एका हॉटेलचे पंप बघतो. सरकारनं खाणीला गोल कुंपण घातलं. पाणी उपसायला बंदी, मासे धरायलाही बंदी. विठोजीनं त्या बंदीला कधी भीक घातली नाही. हात बरा झाल्यावर तो हेसरघट्ट्याला गेला, पिल्लांच्या दोन पिशव्या घेऊन आला आणि वर सोसायटीच्या गच्चीवरून फोनवर त्याचा फोटो काढला जात असताना त्यानं त्या एकेक करून पाण्यात रिकाम्या केल्या.