शेवग्याचा पाला आणि पिवळी झालेली नळी

शहाद्याच्या कॉलेजात एम.एस्सी. करताना माझ्या प्रकल्पाचा विषय होता शेवग्याच्या पानांच्या अर्काची अँटिऑक्सिडंट ताकद. तपासणी दिसायला साधी. जांभळ्या द्रावणात अर्क टाकायचा. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उडतो आणि द्रावण पिवळं पडतं.

माझं द्रावण काही पिवळं पडेना. तीनदा केलं, तिन्ही वेळा फिकट जांभळंच. मार्गदर्शक सर दर वेळी नुसतं "परत करा" म्हणत.

चौथ्यांदा कॉलेजच्या गच्चीवर, नेहमीसारखा उन्हात, पाला पसरत होते, तेवढ्यात प्रयोगशाळेतलं काचसामान धुणाऱ्या मावशी फडकी वाळत घालायला वर आल्या. तळोद्याच्या वरच्या पाड्यातल्या; घरी भिली बोलत, आमच्याशी अहिराणी.

"ताई, हाऊ पाला उनमा कसाले वाळाडी ऱ्हायनी?" त्या म्हणाल्या. "त्याना जीव निंघी जास. सावलीमा वाळाड."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून डबाभर पाला आणला. भाजीसाठी खाटेवर, सावलीत वाळवलेला. मी तोंडावर हो म्हटलं, पण खरं सांगते, फारशी आशा नव्हती. एक पुस्तकही न वाचता यांना काय कळणार, असं मनात आलंच होतं. आज त्याची लाज वाटते.

दोन्ही पाल्यांचा अर्क काढला. नळ्या मांडल्या आणि अर्ध्या तासासाठी अंधाऱ्या कपाटात ठेवल्या. कपाट उघडलं तर मावशींच्या पाल्याची नळी स्वच्छ पिवळी! मी अशी ओरडले की मावशी ओल्या हातांनीच धावत आल्या.

त्या नळ्या त्यांनी वर्षानुवर्षं धुतल्या होत्या. आत काय होतं ते कुणी कधी दाखवलं नव्हतं. मी जांभळी आणि पिवळी नळी त्यांच्या हातात दिली. त्या खिडकीशी गेल्या, उजेडात बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आते चहा टाक."

चहा करायचाय असं मला वाटलं. पण त्यांनी खिडकीत ठेवलेला आपला कप जांभळ्या नळीजवळ आणला. त्यांच्या कोऱ्या चहाचा थेंब पडला आणि रंग बघता बघता उडाला.

"म्हंजे मी रोज औशदच पेस?"

"नळीत होतं ते पोटात तसंच होईल असं नाही, मावशी."

"ऱ्हाऊ दे," म्हणत त्या हसत सुटल्या. मीही हसले. काय गोंधळ चाललाय ते बघायला सर आत आले आणि पाल्याची आणि चहाची गोष्ट ऐकून तेही हसू लागले. मग सरांनी खुर्ची ओढून मावशींना बसवलं, वही माझ्याकडे सरकवली आणि त्यांना विचारलं, "अजून कोणता पाला कसा वाळवता, सांगा बरं."

मावशींनी पदराला हात पुसले आणि सांगायला सुरुवात केली. मी लिहून घेत होते. त्या दिवशी काचसामान मी धुतलं.