आकडा नाही, पाणी वाढते आहे

जून ते ऑक्टोबर, रोज सकाळी आठला मी एका बाईशी फोनवर बोलायचे. असे बारा-तेरा पावसाळे गेले. तिला मी कधी पाहिलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापुरात पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागले. पूरनियंत्रणाच्या खोलीत बसायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मला बसवलं. बंधाऱ्यावरची माणसं नदीतली पट्टी वाचून पाण्याची पातळी कळवायची. ती मी वहीत लिहून सही करायची, मग केंद्राच्या कार्यालयाला आणि नदीच्या खालच्या अंगाला, कर्नाटकातल्या धरणावर सांगायची. वर दोन्ही राज्यं पाण्यावरून एकमेकांना पत्रं लिहीत होती. एका पत्राच्या उत्तराला महिना लागे. आम्हा दोघींना तीन मिनिटं पुरत.

ती धरणावरच्या खोलीत माझ्यासारखीच कारकून होती. तिचं मराठी मोडकं, माझं कानडी त्याहून मोडकं. आकड्यात घोळ नको म्हणून पहिल्याच वर्षी आम्ही रीत घातली. एकीनं आकडा मराठीत सांगितला, तर दुसरीनं तो कानडीत परत म्हणायचा. कानडीत सांगितला तर मराठीत. आकडा शाबूत परत आला की सांगणारीनं "बरोबर" म्हणायचं, मगच लिहायचं. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस आले की ती अडायची.

"तीस आणि नऊ आहेत ना, अक्का? मग त्यात चाळीस कुठून आलं? सरळ तीस-नऊ म्हणायला तुमच्या लोकांचं काय जातं?"

मी म्हटलं, "साहेबांना सांगते, विधानसभेत मांडतील."

ती मला अक्का म्हणायची, मी तिला तंगी, म्हणजे धाकटी बहीण. नाव मी विचारलं नाही, तिनंही नाही. तिला अंबाबाईला यायचं होतं. माझं माहेर शिरोळ तालुक्यात नदीकाठी, म्हणून ठरलं होतं की दिवाळीनंतर तिनं जयसिंगपूरला उतरायचं, मी स्टँडवर थांबायचं, आईकडे जेवून मग दोघींनी कोल्हापूरला यायचं. दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी कुणाची तरी परीक्षा, कुणाचं तरी लग्न आडवं यायचं. घाई कुठे होती? पुढच्या जूनला फोन होताच.

मग तो मोठा पुराचा पावसाळा आला. खालच्या धरणाची दारं उघडली की आमच्याकडचं पाणी उतरतं, असं आमचे लोक म्हणत. फार उघडली तर आमची गावं बुडतात, असं तिचे लोक म्हणत. दोघांचंही खरं होतं. त्या दिवशी माझे आईवडील माहेरच्या घरात होते आणि हलायला तयार नव्हते. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं होतं.

पुरात दर तीन तासांनी आकडा जायचा. आठ, अकरा आणि दोन, तिन्ही वेळा एका बंधाऱ्याचा आकडा तोच आला. मी वहीत "स्थिर" लिहिलं, सही केली आणि तिला फोन लावला.

ती म्हणाली, "पाऊस थांबला नाही, अक्का. मग नदी कशी थांबली? पट्टीवाल्याला विचारा."

मी बंधाऱ्यावर फोन केला. तिथला माणूस वीस वर्षांचा जुना, कामाला चोख.

"पट्टीच बुडालीया की, बाई," तो म्हणाला. "शेवटचा आकडा सांगतोय. त्याच्या वर आकडाच न्हाय, मग मी काय वाचू?"

मी पुन्हा तिला फोन लावला. आकडा माझ्याकडे नव्हता आणि आकड्याशिवाय काही कळवायचं नाही असा नियम होता. मी एवढंच म्हटलं, "आकडा नाही. पाणी वाढतंय." या वेळी परत म्हणायला तिच्याकडे काही नव्हतं. तरी तीच म्हणाली, "बरोबर."

तिनं ते वहीत लिहिलं आणि तिच्या साहेबांपुढे ठेवलं. दारं उघडली. आईच्या घराच्या दुसऱ्या पायरीवर पाणी थांबलं. ते त्यामुळेच थांबलं, असं मी म्हणणार नाही. नदीची कारणं एक नसतात. पण तिकडे खालच्या गावांत पाणी शिरलं आणि चौकशी लागली. केंद्राचे अधिकारी दोन्ही वह्या घेऊन बसले. दोनच्या रकान्यात तिच्याकडे होतं, "आकडा नाही, पाणी वाढते आहे." माझ्याकडे, "स्थिर." मी ते खोडायचं विसरले होते. पुराच्या धावपळीत विसरले, हेच खरं.

घडलं ते सगळं मी तोंडी सांगितलं. त्यांनी विचारलं, "लेखी काय आहे?"

लेखी "स्थिर" होतं, खाली माझी सही.

पुढच्या जूनपासून आकडे साहेबांकडून साहेबांकडे फॅक्सनं जाऊ लागले. आणखी दोन वर्षांनी पुलावर यंत्र बसलं. ते चुकत नाही, पट्टी बुडाली म्हणून अडतही नाही. चांगलंच आहे. मला फक्त आठ वाजता हात रिकामे वाटू लागले.

एका रविवारी घरी काही न सांगता मी एसटीनं त्या धरणावर गेले. पहारेकऱ्यानं खोली उघडली. बाईंची बदली चौकशीनंतर लगेच झाली, कुठे ते त्याला ठाऊक नव्हतं. टेबलाच्या काचेखाली कानडी अक्षरांतला एक कागद होता. मला वाचता येईना. वाचून दाखवा म्हटलं, तर तो अडखळत वाचू लागला, "एकोणीस. एकोणतीस. एकोणचाळीस." कानडीत लिहिलेले मराठी आकडे होते, फक्त अडणारे.

माझ्या तोंडून आपसूक कानडीत निघालं, "मूवत्तोंबत्तु."

आणि मी थांबून राहिले. पहारेकरी माझ्याकडे बघत होता. त्यानं पुढे काय म्हणायचं असतं, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.